घसरून पडलेल्या परिचारिका

सरकारी नोंदींप्रमाणे मी नोकरीत पाच वेळा घसरून पडले. एकदा औषधांच्या खिडकीपाशी, दोनदा इंजेक्शनच्या खोलीच्या दारात, एकदा स्त्री-कक्षातल्या चौथ्या खाटेजवळ आणि एकदा रुग्णवाहिका उभी राहते त्या पायरीवर. माझ्यामागून आलेल्या मुलीही साधारण याच जागांवर घसरल्या. डॉक्टर कधी घसरले नाहीत. ज्यांना चक्कर येत असते, ताप असतो, एक पाय प्लास्टरमध्ये असतो, ते रुग्णही कधी घसरले नाहीत.

रुग्णालय रायगडच्या किनाऱ्यावर, खाडीच्या तोंडाशी आहे. तीस खाटा, एक अधीक्षक, कागदावर चार आणि प्रत्यक्षात दीड डॉक्टर. दीड अशासाठी की दुसरे डॉक्टर फेरीबोटीने यायचे आणि बोट चुकली की दुपारी उगवायचे. नाव लिहीत नाही. तिथे अजून मुली काम करतात.

बाहेरच्या माणसाला या कामातली एक गोष्ट माहीत नसते. ड्यूटी बदलताना जाणारी परिचारिका येणारीला तोंडी माहिती देते, पण खरा कारभार चालतो तो रिपोर्ट बुकावर. कोण दाखल झालं, कोणाला काय दिलं, लघवी किती झाली, ताप किती वाजता उतरला, सगळं त्यात. विशेषणं चालत नाहीत. ‘फार ताप’ असं लिहिलं की मोठ्या सिस्टर वही परत करायच्या. किती ते लिही. मी लिहायला शिकले ती या वहीत, आणि खोटं लिहायलाही तिथेच.

पहिली घसरण औषधांच्या खिडकीपाशी झाली. छातीत दुखतं म्हणून आलेल्या एका माणसाला अलिबागला हलवायचं ठरलं. आमच्या भाषेत रेफर. रेफर करायचं की नाही हे डॉक्टर ठरवतात. ते नातेवाइकांना सांगायचं काम परिचारिकेचं. मार सांगणाऱ्याला बसतो.

“अलिबागला न्या म्हंजे? मंग तुमी हितं कशाला बसलाव?” रुग्णाच्या भावाने विचारलं.

“इथे हृदयाचं यंत्र नाही, भाऊ. गाडी येते आहे.”

त्याच्या हातात भावासाठी आणलेलं शहाळं होतं. ते त्याने मला मारलं. उजव्या खांद्यावर बसलं, तिथून जमिनीवर पडलं आणि फुटलं. त्याच्या बायकोने ते चटकन उचलून सरळ धरलं, पाणी किती उरलंय ते पाहिलं आणि मला विचारलं, “सिस्टर, फुटलाच हाय तर देऊ काय भावोजींना? चालल ना?”

मी म्हटलं, दोन घोट द्या.

मोठ्या सिस्टरांनी खांद्याला बर्फ लावला, मग वही पुढे ओढली. “मारहाण लिहिलंस तर पोलीस येणार. जबाब होणार. मग अलिबागच्या कोर्टात तारखा. तू तारखेला गेलीस की वॉर्डात कोण? कोणी नाही. आणि हा माणूस पलीकडच्या वाडीतला. उद्या याच्याच घरचं बाळंतपण तुझ्या हातात येणार.” बोलता बोलता त्यांनी लिहिलं: ‘पाय घसरून पडल्याने उजव्या खांद्यास मुका मार.’

मुका मार हे शब्द खरे होते.

सात महिन्यांनी रुग्णाच्या त्या भावाच्या बायकोचं बाळंतपण मीच केलं. तो पेढे घेऊन आला. पुडा देताना म्हणाला, “खांदा बरा हाय ना सिस्टर आता?” त्याच्या आवाजात खरी काळजी होती. शहाळं दुसऱ्याच कोणीतरी मारलं असावं, असं त्याच्याकडे पाहून वाटलं.

चौथ्या खाटेजवळची घसरण नवरदेवाची. हळदीत रात्रभर नाचून तो सकाळी उलट्या करत आला. पुरुष-कक्ष भरलेला होता, म्हणून स्त्री-कक्षातली रिकामी खाट दिली. अंगाची हळद धुतली नव्हती. शीर शोधायला मला आधी त्याचा हात पुसावा लागला. मुहूर्त दुपारी साडेबाराचा. सलाईनला चार तास लागणार होते. खाटेच्या एका बाजूला त्याची माणसं आणि दुसऱ्या बाजूला नवरीची. नवरदेवाचा मामा म्हणाला, “जरा जोरात सोडा, मुहूर्त टळेल.” नवरीचा काका म्हणाला, “जोरात सोडू नका, आमच्या पोरीला धडधाकट नवरा पायजे.” मी मध्ये होते. थेंबाची गती मोजण्यासाठी घड्याळाकडे पाहत होते. त्या वेळी माझा अंबाडा कोणीतरी धरून ओढला. दोन्ही बाजूंनी नंतर सांगितलं की ओढणारा समोरच्या बाजूचा होता. लग्न साडेचारला लागलं. मला मानाची साडी आली. वहीत नोंद झाली: ‘पाय घसरून पडल्याने मानेस लचक.’

पुढे मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या आणि इन्चार्ज मी झाले. तेच वाक्य मी नव्या मुलींना दिलं. एकीच्या गालावर पाच बोटं उमटली होती, तिच्याही नावापुढे ‘पाय घसरून’ लिहिलं. ती म्हणाली, “सिस्टर, घसरून गालावर बोटं कशी उठतील?” मी सांगितलं, बोटं लिहू नकोस, सूज लिही. हे मी मोठी कर्तबगारी असल्यासारखं सांगत असे, हेही इथे नोंदवते.

या नोंदी वाचायला कोणी बसेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. पण एक दिवस जिल्ह्याहून पत्र आलं. सदर रुग्णालयात परिचारिका घसरून पडण्याचे प्रमाण चिंताजनक असून त्याबाबत तातडीने पाहणी करण्यात यावी.

एक अभियंता आले. अतिशय सज्जन आणि मन लावून काम करणारे. टेप, खडू आणि वही घेऊन त्यांनी प्रत्येक घसरणीची जागा मला विचारली आणि तिथे खडूने फुली मारली. संध्याकाळपर्यंत औषधांची खिडकी, इंजेक्शनची खोली आणि कॅज्युअल्टीचं दार फुल्यांनी भरून गेलं. ते बराच वेळ फुल्यांकडे पाहत राहिले.

“सिस्टर, एक कळत नाही,” ते म्हणाले. “बाथरूममध्ये एकही नाही.”

“नाही.”

“जिन्यावरही नाही. आणि तुम्ही सगळ्या जणी जिथे लोकांची गर्दी असते तिथेच घसरता.”

“हो.”

मला वाटलं, आता हे ओळखतील. सफाईच्या मावशी दाराशी लादी पुसत होत्या, त्यांचाही हात थांबला. अभियंत्यांनी चष्मा पुसला आणि लिहिलं: गर्दीमुळे फरशी गुळगुळीत झाली आहे.

तीन महिन्यांत सगळ्या मजल्यावर खरखरीत फरशी बसली. औषधांची ट्रॉली तिच्यावरून जाताना बाटल्या वाजायच्या. परिचारिकांना रबरी तळव्यांची पादत्राणं मिळाली आणि सभागृहात अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण झालं. विषय होता, कामाच्या जागी सुरक्षित चालणे. प्रशिक्षकाने आम्हाला टाच आधी की चवडा आधी, ते करून दाखवलं. अधीक्षकांनी दाखल्यावर सही केली की नवी फरशी घसरत नाही. आम्ही हजेरीपटावर सह्या केल्या आणि बटाटेवडे खाल्ले.

मग प्रणालीचा दिवस आला.

प्रणाली आमच्याकडे कंत्राटी परिचारिका होती. अकरा महिन्यांचं कंत्राट, मग नवा आदेश निघायचा. तो आदेश पुढच्या महिन्यात निघायचा होता. हात हलका, लहान मुलांची शीर पहिल्या टोचणीत सापडायची. त्या दिवशी सकाळी हिराबाई नावाच्या साठीच्या बाई जुलाब-उलट्यांनी दाखल झाल्या. बरोबर मुलगा हरेश. न्हावा शेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवायचा, रात्रपाळी करून तसाच आलेला. प्रणालीने सलाईन लावलं. ते रंगहीन होतं. जुलाबाला तेच लागतं.

शेजारच्या खाटेवरच्या बाईंच्या सलाईनमध्ये डॉक्टरांनी जीवनसत्त्वांचं इंजेक्शन घालायला सांगितलं होतं. त्याने बाटली पिवळी होते. हरेशने एकदा ती बाटली पाहिली, एकदा आईची.

“तिला पिवली आन् माझे आयशीला निसता पानी?”

“दादा, त्यांना ते औषध लागतं. आईंना हेच लागतं.”

“पानी तं माझे घरी पन हाय. पिवली लाव.”

“डॉक्टरांनी लिहिलेलं नाही, दादा.”

“मंग तू लिव ना! तुझे हातात हाय ना पेन!”

मी चार खाटा पलीकडे रक्तदाब घेत होते, सगळं दिसत होतं. हरेशने बाजूचा रिकामा सलाईन स्टँड उचलला. लोखंडी, चाकं नसलेला. प्रणालीने डोकं वाचवायला डावा हात वर केला. हाड मोडल्याचा आवाज वॉर्डात लहान येतो, पण ज्यांनी तो आधी ऐकलेला असतो त्यांना कळतो. ती खाली बसली. तोवर एका नातेवाइकाचा मोबाईल चालू झाला होता. त्या चित्रणात प्रणाली खाली जाताना दिसते. का जाते ते दिसत नाही.

प्लास्टर घातल्यावर अधीक्षकांच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. मी सवयीने वही उघडली आणि ‘पाय’ एवढं लिहिलं.

“थांबा!” अधीक्षक म्हणाले. “घसरून लिहू नका. फरशी घसरत नाही. माझी सही आहे.”

“मग सर, काय लिहू?”

“दाराला हात लागला म्हणा.”

“तिथे दार नाही.”

“स्टँड अंगावर पडला.”

“तसं लिहिलं तर स्टँड सदोष ठरतील. खरेदीची चौकशी लागेल.”

“ते नको.” त्यांनी थोडा विचार केला. “भिंत?”

“भिंत काय करणार, सर?”

प्रणालीने प्लास्टरचा हात टेबलावर ठेवला. ती म्हणाली, “माणसाचं लिहा ना. त्याच्यावर तुमची सही नाहीये.”

अधीक्षक मऊ आवाजात म्हणाले, “बाळ, तुझा आदेश पुढच्या महिन्यात आहे. पोलीस-कोर्ट करणारी मुलगी म्हटल्यावर वर काय वाटेल?”

“माझा हात मोडलाय, सर. वर काय वाटेल ते वाटू दे. सिस्टर, तुम्ही पाहिलंत ना?”

पाहिलं होतं. इतकी वर्षं पाहूनच लिहीत होते. मी ‘पाय’ खोडलं आणि पहिल्यांदा जसं झालं तसं लिहिलं, वेळेसकट. सही केली. सही करताना धैर्य वगैरे काही वाटलं नाही. दुसरं काही लिहायला सुचत नव्हतं, हे खरं कारण.

पोलीस आले. हवालदारांनी पंचनामा केला आणि मारहाणीची वस्तू म्हणून स्टँड ताब्यात घेतला. त्यांनी नियमाप्रमाणेच केलं. अडचण अशी की वॉर्डात धड स्टँड तीनच होते. दोन गुंतलेले, तिसरा आता मुद्देमाल. हिराबाईंची खाट खिडकीलगत म्हणून बाटली तोवर खिडकीच्या गजालाच अडकवली होती, पण खाट हलवून पंख्याखाली घेतल्यावर नळी पुरेना. आणि हरेशला नेता येईना, कारण आईजवळ दुसरं कोणी नव्हतं. त्याची बहीण पलीकडच्या तीरावरून दुपारच्या बोटीने यायची होती.

“मग काय करायचं?” हवालदारांनी विचारलं.

“बाटली कोणीतरी वर धरायला हवी,” मी म्हटलं.

सगळ्यांनी हरेशकडे पाहिलं.

तो अडीच तास बाटली धरून उभा होता. शेजारी स्टुलावर हवालदार, कारण आरोपी ताब्यात होता. प्रणालीला घरी जायला सांगितलं होतं, पण तिला न्यायला येणारा भाऊ अजून वाटेत होता. गळ्यात हात अडकवून ती समोरच्या बाकावर बसली होती. हरेशचा हात खाली यायला लागला की तीच सांगायची, “वर धरा. खाली आली की रक्त नळीत चढतं.”

“हात दुखतंय,” तो एकदा म्हणाला.

“दुसऱ्या हातात घ्या. बाटली हलवू नका.”

“व्हय, सिस्टर.”

शेजारच्या पिवळ्या बाटलीकडे त्याने मग पाहिलं नाही.

बाराच्या सुमारास हिराबाईंना हुशारी आली. त्यांनी आधी मुलाला पाहिलं, मग हवालदारांना, मग प्रणालीचं प्लास्टर.

“ही पोरगी सकालची ना? हाताला काय झाला तुझे?”

हरेश म्हणाला, “घसरली ती, आये.”

“नाही, आजी,” प्रणाली म्हणाली. “तुमच्या मुलाने मारलं.”

हिराबाईंनी मुलाकडे पाहिलं. आवाज न चढवता विचारलं, “कंच्या हातान?”

हरेशने वर पाहिलं. बाटली उजव्या हातात होती. ती त्याने डाव्या हातात घेतली आणि उजवा हात पाठीमागे नेला. त्यानंतर बहीण येईपर्यंत त्या माउलीने कूस बदलली नाही, नळी ओढली जाऊ नये म्हणून.

प्रणालीला नवा आदेश मिळाला. तिच्या जागेच्या जाहिरातीला दुसरा अर्जच आला नव्हता. डावं मनगट पूर्ण वळत नाही; लहान मुलांची शीर आता ती एकट्या उजव्या हाताने शोधते, मुलाचा हात धरायला दुसरी कोणी लागते. प्रत्येक तारखेला तिने बिनपगारी रजा घेतली. मी निवृत्त झाले तरी खटला उभाच होता.

शेवटी माझी साक्ष लागली. त्याच्या आदल्या आठवड्यात अधीक्षकांचा फोन आला. हरेशच्या वकिलांनी माहितीच्या अधिकारात आमच्या घसरणीच्या सगळ्या नोंदी काढल्या होत्या. “सिस्टर, तुमचे निवृत्तिवेतनाचे कागद अजून वर आहेत,” अधीक्षक म्हणाले. “जुनं उकरू नका. घसरले होते म्हणा. खोटं कुठे आहे? कागदावर आहे.”

मी विचार करते म्हटलं, आणि केला. नोंदी खऱ्या म्हटल्या तर हरेशचा बचाव तयार होता. खोट्या म्हटल्या तर सरकारी वहीत खोटं लिहिल्याचं मीच कबूल करत होते, आणि ते पोरींना शिकवल्याचंही.

कोर्टात स्टँड माझ्याआधी हजर होता. चिठ्ठी बांधलेला, कोपऱ्यात. त्याच्या हुकाला कोणीतरी छत्री अडकवली होती. प्रणाली मागच्या बाकावर होती, हिराबाई दुसऱ्या टोकाला.

वकील तरुण होते, तयारी चांगली केली होती. त्यांनी जिल्ह्याचं पत्र वाचून दाखवलं. मग अभियंत्यांचा अहवाल, फुल्यांच्या नकाशासकट. मग चालण्याच्या प्रशिक्षणाचा हजेरीपट.

“ही सही तुमची?”

“हो.”

“म्हणजे या रुग्णालयात परिचारिका घसरतात हे शासनाला मान्य आहे. प्रशिक्षण देऊनही घसरतात. माझं म्हणणं आहे की फिर्यादीही घसरली. चित्रणात ती पडताना दिसते, मारताना कोणी दिसत नाही. बरोबर?”

“नाही. मी पाहिलं. स्टँडने मारलं.”

“तुम्ही स्वतः पाच वेळा घसरलात. या पाचही नोंदींखाली तुमची सही आहे. तुम्ही घसरला होतात की नव्हतात?”

मागे प्रणालीच्या बाकाचा आवाज झाला. मी वळून पाहिलं नाही.

“एकदाही नाही,” मी म्हटलं.

न्यायाधीश बाईंनी पेन खाली ठेवलं. “समजून बोला. सरकारी नोंद खोटी केली, असं तुम्ही म्हणताय.”

“हो, मॅडम. माझ्या पाच, आणि मी इन्चार्ज असताना बाकीच्यांच्या.”

“मग त्या पाच वेळा काय झालं होतं?”

वकील हरकत घेण्यासाठी उठले, पण प्रश्न त्यांनीच काढलेला होता. ते बसले. मी आठवून क्रमाने सांगायला सुरुवात केली. तारीख, ड्यूटी, जागा. औषधांची खिडकी. रुग्णाच्या भावाने हातातलं शहाळं मारलं, उजव्या खांद्यावर.

टंकलेखकाने हात थांबवून विचारलं, “शहाळं की नारळ?”

“शहाळं,” मी म्हटलं. “पाणी भरलेलं.”

त्याने तसं टाइप केलं.